पिसांची माशी

तळवड्यात गॅरेज चालवणाऱ्या मुबीनने रविवारची सगळी दुपार गळाचा दोरा पिळण्यात घालवली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं ड्रिल मशीनमध्ये अडकवून पीळ भरायचा, आणि टोकाकडे एकेक पदर कमी करत दोरा निमुळता करत न्यायचा. गळाला लावलेली पिसांची माशी पाण्यावर अलगद उतरावी, माशाला चाहूलही लागू नये, एवढ्यासाठी ही खटपट.

संध्याकाळी त्याने नदीवर गळ फेकला. माशी अगदी अलगद उतरली, पण कंपन्यांच्या सांडपाण्याच्या ढीगभर पांढऱ्या फेसावर, आणि तिथेच बसून राहिली. वास एवढा, की त्याने एका हाताने नाक दाबलं. बघणाऱ्यांना निदान लाज तरी वाटेल म्हणून त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

"भावा, काश्मीरला कधी गेलास?" पहिलंच उत्तर आलं.

चिडून त्याने जागेचा पत्ताही टाकला.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्या दिवशी पाणी जरा बरं असेल म्हणून तो नाकाला रुमाल बांधून पुन्हा गेला. काठावर पांढऱ्या गाऊनमधली नवरी आणि सुटातला नवरा ताटकळत उभे होते. त्यांचा फोटोग्राफर मोबाईलवर मुबीनचाच फोटो उघडून नदीकडे वैतागून बघत होता.

 

"काका, तुम्ही इथलेच ना? फोटोत केवढा फेस होता राव. कंपन्या पाणी सोडतात कधी?"