झोपेची राखण

"यांची झोप कशी होती?" डॉक्टरने विचारलं.

भट्टीवाल्याला हायसं वाटलं. इतका वेळ ही तरुण डॉक्टर जे विचारत होती, त्यातलं त्याला धड काहीच सांगता येत नव्हतं. खोकला कधीपासून, ताप मधे उतरला होता का, वजन केव्हा घटलं. दिवसा झोपणाऱ्या माणसाला घरातलं काय दिसणार? पण हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

"झोप एकदम छान. मी बेकरीत रात्रपाळीला असतो, भट्टीवर. दिवेलागणीला जातो, उजाडल्यावर येतो. घरात आम्ही दोघंच. रात्रभर हिला उठवायला आहे कोण? पलंग अख्खा हिचाच. नशीबवान आहेस, म्हणतो मी हिला."

नशीबवान बाई खाटेवर डोळे मिटून पडली होती. नाकाला नळी होती आणि प्रत्येक श्वासाला छातीत घरघर होत होती.

"रात्री?" खालच्या मजल्यावरची मास्तरीणबाई मधेच म्हणाली. पहाटे हिनेच बायकोला इथे आणलं होतं आणि बेकरीत फोन केला होता. तो तसाच पिठाच्या हातांनी धावत आला होता. "अहो भाऊ, रात्री तर मशीन चालायचं त्यांचं."

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. आमच्या डोक्यावरच की. आधी आधी वैताग यायचा, मग सवय झाली."

"छे हो. शिवायचं काम ती दिवसा करते. मी झोपलो की."

हे तो बेकरीतही छातीठोकपणे सांगायचा. कानाशी मशीन धडधडतं, पण आपण ढिम्म हलत नाही! सगळे त्याला कुंभकर्ण म्हणायचे. बेकरीतले बाकीचे बारा महिने शिंकत, खोकत, पेंगत असायचे. याला कधी साधं पडसं नाही. झोप चांगली तर तब्येत चांगली, असं ज्ञान तो न विचारता पाजळायचा.

"दिवसा?" मास्तरीणबाईला काही कळेना. "दिवसा त्या दाराबाहेर स्टूल टाकून बसतात. शिवलेल्या कॉलरींचे दोरे काढत. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की ओठांवर बोट. आमची पोरं त्यांना शूऽकाकू म्हणतात. तुम्हाला ठाऊक नाही?"

त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मशीनने आपल्याला एकदाही जाग आली नाही, याची केवढी घमेंड होती त्याला. मशीन दिवसा कधी लागलंच नव्हतं. आणि बायको झोपलेली त्याने आज पहिल्यांदा पाहिली. तो घरात असला की एक तर ती जागी असायची, नाही तर तो झोपलेला.

डॉक्टरने त्याला खिडकीशी नेलं.

"काका, झोप हे काही एकटं कारण नसतं. पण शरीर आपली डागडुजी झोपेतच करतं. रोगाशी लढायचं बळ तिथेच भरून येतं. यांना ती उसंतच मिळालेली दिसत नाही. खोकल्याचं निमित्त झालं आणि सगळं फुप्फुसात उतरलं. औषधं चालू आहेत, पण आतून साथ मिळत नाहीये."

"मग झोपू दे ना आता तिला! हवी तेवढी झोपू दे. मी बसतो दारात."

डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दारात नको. त्यांच्याजवळ बसा. फार लांब जाऊ नका आज."

तो येऊन खाटेशी बसला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली, मास्तरीणबाई डोळे पुसत बाहेर गेली. खिडकीतलं ऊन सरकत चादरीवर आलं तशी बायकोने डोळे उघडले.

"अहो, ऊन आलं की. तुम्ही इथे काय करताय? झोपायची वेळ झाली तुमची."

"आणि तुझी?" तो म्हणाला. "तू कधी झोपायचीस गं?"

"लागायचा डोळा मधूनमधून."

"खोटं बोलू नकोस. एवढं कशासाठी केलंस?"

ती दम घेत राहिली. "तुमचं काम विस्तवापाशी. तिथे डुलकी लागली म्हणजे?"

इतकी वर्षं ज्या तब्येतीचा डौल त्याने मिरवला, ती तब्येत तिची होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा रागही आला.

"आता तरी झोप," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

"आधी तुम्ही. मग मी."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि डोळे गच्च मिटले. तिची बोटं त्याच्या केसांत आली. झोप कुठली यायला! पण ती आल्याशिवाय ही झोपायची नाही, म्हणून तो घोरू लागला. स्वतःचं घोरणं त्याने कधी ऐकलं नव्हतं, अंदाजानेच घोरत होता. जमलं असावं. केसांतली बोटं हळूहळू सैल पडली.

तेवढ्यात दाराकडून औषधांची ढकलगाडी खडखडत आली.

तिचा हात त्याच्या केसांतून निघाला.

ढकलगाडी जागच्या जागी थांबली. "बरं, बरं," परिचारिका अगदी हळू म्हणाली, "नंतर येते."

चादर त्याच्या गालाखाली ओली झाली होती. त्याने डोळे उघडले नाहीत. तो घोरत राहिला.