हरभऱ्याएवढं आमिष

"एवढी मोठी गोळी कुनासाठी? जावयासाठी?" पंढरीने लेकाच्या हातातला कणकेचा गोळा काढून घेतला, चिमूटभर तोडला आणि बोटांत वळून हरभऱ्याएवढा केला. "मोठा मासा दांडगाई करून येत नाय. बारीक लावायचं आन बसून ऱ्हायचं. तो आपनहून येतो."

धनेश एरवी हसला असता. आज तो काहीतरी सांगायला आला होता आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

तळोज्याच्या नव्या टॉवरांमागे गावचं जुनं तळं अजून शिल्लक होतं. रविवारी सकाळी पंढरी तिथे कटला मासा धरायला बसायचा. गेलं वर्षभर धनेशही कळंबोलीहून बाइकवर यायचा. आईबापाचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण तो तळ्यावरूनच परत फिरायचा.

कारण सगळ्या आळीला पाठ होतं. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीत धनेशच्या आईची, गोजराबाईची, बोरमाळ तुटली. धनेशची बायको अबोली हिने मणी वेचले, डबीत भरले आणि डबी कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी डबी गायब. किल्ली अबोलीकडे. "सोनं ते काय, नुसता वरचा पत्रा, आत सगळी लाख," गोजराबाई रडत सांगायची, "पन माज्या आयची होती ती." चोर कोण, तेही तिने नाव घेऊन सांगितलं. अबोलीने आठवड्याच्या आत घर सोडलं आणि तिच्यामागोमाग धनेशनेही.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे फिरले, आळी फिरली, एकटा पंढरी तेवढा फिरला नाही. सुनेबद्दल त्याने कधी वावगा शब्द काढला नाही. मासा मिळाला की अर्धा पिशवीत घालून द्यायचा, वर सांगायचा, "अबोलीला डोकं दे, तिला आवडतं." या एका माणसाच्या आधारावर धनेशने भाड्याच्या खोलीत वर्ष काढलं होतं.

पंढरीचं सगळं कसब बारीक कामात होतं. गोळी तो गळात खुपसायचा नाही. गळामागे केसाएवढा दोरा सोडायचा आणि गोळी त्या दोऱ्याला लावायचा. कटला गोळी आत ओढतो, तोंडाला काही टोचत नाही, तो बिनघोर होतो आणि मागून उघडा गळ येतो. दोरीवरचं शिशाचं वजन गाठीवर घासू नये म्हणून मध्ये एक मणी. चकाकणारं काही दिसलं की कटला बिचकतो, म्हणून पंढरी मण्यांना स्वतः काळा ऑइलपेंट लावायचा. मण्यांच्या डबीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. दर रविवारी एखाददुसरा गळ तळच्या गाळात अडकून मण्यासकट तुटायचा. बाकीचे अशा वेळी शिव्या घालतात. पंढरी म्हणायचा, "जाऊ दे."

"बाबा, काल अबोली माहेरी गेली."

पंढरीने पाण्यावर डोलणाऱ्या तरंग्यावरची नजर काढली नाही. "भांडन?"

"नाय. मी फक्त विचारलं. वर्षभरात कधी विचारलं नव्हतं. परवा आई बाजारात दिसली, किती खंगलीय ती. घरी गेलो आणि तोंडातून गेलं. म्हटलं, घेतली असशील तर सांगून टाक, मी आईला समजावतो."

"मंग?"

"बॅग भरली. दारात म्हणाली, आई बोलल्या ते मी सोसलं, कारण तू विचारलं नव्हतंस."

वर्षभर जगाशी भांडला आणि शेवटी घरात येऊन त्यानेच माती खाल्ली होती.

"तुमाला काय वाटतं, बाबा? तिनं घेतली असंल?"

"मी कवा बोललो तसं?" पंढरीने दोरी जराशी ओढून घेतली. "पोरगी चांगली होती."

तो 'होती' धनेशच्या कानात अडकून राहिला.

"आज घरी जेव," पंढरी म्हणाला. "आय वाट बघून थकली. तिच्याशी भांडन तुजं थोडंच होतं."

धनेशने मान डोलावली. कळंबोलीच्या खोलीत आता परत जायचं तरी कुणासाठी?

तेवढ्यात दोरी ताणली. पंढरीने ओढून पाहिलं, पण मासा नव्हता, गाळच होता. एक हिसका दिला आणि गळ तुटला. त्याने नवा गळ घेतला, पण मागच्याच आठवड्यात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला पाणी सुटलं. दोनदा दोरा हुकला. तिसऱ्यांदा त्याने मण्यांची डबी लेकापुढे सरकवली.

"आज तू लाव."

डबीत एकच मणी होता. धनेशने तो ओवला, गाठ मारली, थुंकीने भिजवली आणि लहानपणी बापानेच शिकवलं होतं तशी दाताने आवळली. गाठीबरोबर मणीही दाताखाली आला. कुरकुर झाली. त्याने तोंडातलं तळहातावर थुंकलं. काळ्या रंगाची खपली होती आणि तिच्यात लालसर लाखेचा चुरा.

त्याने मणी उन्हात धरला. रंग उडाला होता तेवढा भाग पिवळाधमक चमकत होता.

त्याने बापाकडे पाहिलं. पंढरी हिरव्या चष्म्याआडून पाण्याकडेच बघत होता.

"शेवटचा हाय," तो म्हणाला. "सोड पान्यात, मंग घरी जाऊ."