आजाऱ्याचा डबा

हनीफनं डबा खाडीच्या पाण्यात विसळला आणि झाकण घट्ट बसवलं. आतली पेज त्यानं धक्क्यावरच्या एका बलुची हमालाला दिली होती. तो हमाल रोज यायचा, उभ्याउभ्या पेज प्यायचा आणि काही विचारायचा नाही.

डबा हातात देताच खतीजाभाबी विचारणार, सगळी प्याले का? इतके दिवस हनीफ हो म्हणत आला होता. आज हो म्हणायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ज्याच्यासाठी ती रोज मऊ पेज शिजवत होती, त्या कमरुद्दीनला, तिच्या नवऱ्याला, माती देऊन तीन आठवडे होत आले होते.

त्या हिवाळ्यात हाँगकाँगचा ताप बोटींबरोबर दुबईच्या खाडीत शिरला. देऱ्यात, खाडीच्या अलीकडच्या वस्तीत, एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहायची. एक जण खोकला की सबंध खोली अंथरूण धरायची. सिंगापूरहून आलेले खलाशी सांगत, तिकडेही हीच गत आहे. पुरुष पडले की बायांनी उशाशी बसायचं, आणि काम कमी झालं की आधी बायांनाच घरी पाठवायचं. ऐकणारे मान हलवायचे आणि भाबीकडे जेवायला जायचे.

भाबीची खानावळ म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. रत्नागिरीकडची वीसेक माणसं तिथं जेवायची, हनीफही त्यांतलाच. तापाच्या दिवसांत भाबीनं रांधता रांधता काढे उकळले, पेजेची पातेली खोल्याखोल्यांत धाडली. अशातच कमरुद्दीन आजारी पडला. त्याला होडीतून पलीकडच्या इस्पितळात नेलं. पुरुषांच्या वॉर्डात बायांना मज्जाव होता, म्हणून भाबी दोन्ही मुलींना घेऊन धक्क्यावरूनच मागे फिरली. ताप छातीत उतरला आणि कमरुद्दीन तिकडेच गेला. नमाज झाली, दफनही तिकडेच झालं.

परतताना बदरुद्दीनचाचांनी सगळ्यांना गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. वयानं ते थोरले, खोलीत त्यांचाच शब्द चाले. आता सांगितलं तर ती इद्दतीत बसणार, ते म्हणाले. विधवेनं चार महिने दहा दिवस घरात, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणजे चूल खलास. निम्मी माणसं तापानं फणफणलीत, त्यांना पेज कोण देणार?

"ताप ओसरू दे, मग सांगू," चाचा म्हणाले. "इद्दत काय, सांगू त्या दिवसापासून धरायची. तिचं काही बुडत नाही."

कुणी तोंड उघडलं नाही. हनीफनंही नाही. त्याला तेव्हा सडकून भूक लागली होती, आणि तीच गोष्ट त्याला पुढे रात्रंदिवस खात राहिली. भाबीचा डबा रोज इस्पितळात पोचवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

आता ताप ओसरला होता. काल चाचांनी पुढचंही ठरवून टाकलं. हळूहळू सांगायचं, इद्दत संपली की वर्गणी काढून मायलेकींना स्टीमरवर बसवायचं आणि दापोलीकडे दीर इद्रीसच्या घरी धाडायचं. त्या घरात भाबीनं लग्नानंतरची सहा वर्षं काढली होती. तिथं मी माणूस नव्हते, पाण्याची कळशी होते, असं ती एकदा हसत हसत म्हणाली होती. चाचांना हे माहीत नव्हतं. हनीफला माहीत होतं, आणि तरी त्याच्या हाती काहीच नव्हतं.

तो आत आला तेव्हा भाबी बांगडे साफ करत होती. मुली मागच्या अंगणात होत्या. त्यानं डबा खाली ठेवला. भाबीनं नेहमीप्रमाणे विचारलं, सगळी प्याले का?

हनीफ दारातच बसला.

"भाबी, उद्यापासून पेज करू नका."

तिचे हात थांबले.

"कमरुद्दीनभाई..."

"हनीफभाई, थांबा." ती उठली, हात धुतले, अंगणाकडचं दार लोटलं आणि पदर डोक्यावर घेऊन परत आली. डोळे कोरडे होते. "माझा बाप समुद्रावर गेला. बातमी यायला पाच महिने लागले. आई इद्दतीत बसायला निघाली, तर मौलवी म्हणाले, इद्दत मौतीपासून मोजतात, कळल्यापासून नाही. तुझे दिवस भरून गेले, आता बसायचं काही उरलं नाही."

हनीफला काही समजेना.

"पलीकडून परतलात त्या संध्याकाळी तुम्ही सगळे जेवायला आलात," ती म्हणाली. "घाईत कालवणात मीठ घालायचं राहिलं होतं. वीस माणसं माना खाली घालून जेवली. एकानंही टोमणा मारला नाही. तेव्हाच कळलं मला."

"मग तुम्ही रोज डबा..."

"चूल चार महिने बंद राहिली की तुम्ही दुसरीकडे जेवायला लागाल. मग ही जागा मला कोण ठेवू देईल? इद्रीसच्या दारात मुलींना घेऊन मी जाणार नाही." तिनं पुन्हा विळी पुढ्यात ओढली आणि बांगडा उचलला. आवाज अगदी हळू झाला. "चाचांना म्हणावं, तिला सांगायचा धीर होत नाही. एवढं करा माझ्यासाठी. इद्दतीचे दिवस भरेपर्यंत माझ्या नवऱ्याला मरू देऊ नका."