एक हसरा फोटो

"चहा राहू दे बाय, आदी फोटो सापडू दे," हंसा म्हणाली आणि सुक्या बोंबलांची पिशवी दाराशीच ठेवून सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. चिंचणीहून बोईसर, बोईसरहून पालघर, अशा दोन गाड्या बदलून ती आली होती.

रिद्धी कपाटातून अल्बम काढत होती. या मोबाइलच्या जमान्यात पोरीनं फोटो छापून घेतले होते, जाड काळ्या पानांवर चिकटवून प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईनं एक ओळ लिहिली होती. आर्किटेक्चरची सगळी वर्षं त्यात बसवली होती. पहिल्या वर्षी तिचा वर्ग चिंचणीला जुनी घरं मोजायला आला, तेव्हा तिच्या वाट्याला हंसाचं घर आलं. जाताना तिनं दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं आपला नंबर लिहिला आणि म्हणाली, काही लागलं तर फोन करा वहिनी. असं म्हणून कोण कुणाला फोन करतंय! पण काल हंसानं केला.

तिच्या नवऱ्याचं, कमलेशचं, वर्षश्राद्ध परवावर आलं होतं.

गेल्या माघात तो पहाटे एकटाच होडी घेऊन गेला. होडी वाहत परत आली, तो आला नाही. गावच्या बोटी फिरल्या, किनाऱ्याकिनाऱ्यानं माणसं फिरली, हाती काही लागलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला सांगितलं. अशा पुतळ्याला गेलेल्याचेच कपडे घालतात. हंसानं त्याचा निळ्या चौकड्यांचा चांगला शर्ट शोधायला घेतला. त्याच्या खिशाचं बटण तुटलं तेव्हा घरात पांढरं मिळेना, म्हणून तिनंच लाल लावलं होतं. ट्रंक पालथी घातली, पण शर्ट काही सापडला नाही. "अंगावरच गेला आसल माज्या पोराच्या," म्हणत सासूनं हंबरडा फोडला, आणि पुतळ्याला जुना बनियन घालून भागवलं. हंसाच्या बांगड्या तिथंच वाळूत फुटल्या.

आता भिंतीवर लावायला फोटो हवा, तर मोबाइल त्याच्याबरोबरच गेलेला. लग्नाच्या अल्बमला ओल लागून पानं एकमेकांना चिकटून बसलेली. उरला आधार कार्डावरचा. तो मोठा करून आणला, तर त्यात कमलेश पाकीटमारासारखा दिसायला लागला. तो बघून लेक हेतल म्हणाली, "आई, बाबा हसायचा कसा?" हंसाला काही केल्या सांगता येईना. पुतळा जळताना रडली नव्हती एवढी ती तेव्हा रडली. पोर बापाला विसरायला लागली होती आणि तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं.

"हा बघा!" रिद्धीनं अल्बम पुढं सरकवला.

घराच्या दारात कमलेश उभा. मोजायच्या टेपचं टोक धरायचं सोडून त्यानं टेप गळ्यात उपरण्यासारखी टाकलेली, आणि तोंडभर हसू. असाच हसायचा मेला!

"त्या दिवशी दादांनी फार मदत केली आम्हाला," रिद्धी म्हणाली. तिनं फोटो पानावरून अलगद सोडवला आणि हंसाच्या हातात दिला.

हंसानं तो पदरानं पुसला, पुन्हा पुन्हा पाहिला. "हेतलला दावते. म्हनते, बग, यो तुजा बाबा." बोलता बोलता ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

काम झालं होतं. पण फोटो घेऊन तडक उठणं तिला बरं दिसेना. पोरीनं हौसेनं अल्बम केलाय, चार पानं बघावीत.

"बाकीचं बी दाव ना बाय."

रिद्धी खुलली. हा मेहुल, मॉडेल चिकटवताना फेविक्विकनं बोटच चिकटलं तेव्हाचा. ही कॅन्टीनमधली पार्टी. हा परीक्षेचा दिवस. सरांनी रिद्धीचं मॉडेल उलटं धरलं आणि विचारलं, छत कुठाय? हंसा पोट धरधरून हसली.

"आणि ही शेवटच्या वर्षाची साइट व्हिजिट. सिल्वासाला."

पिवळ्या टोप्या घालून पोरं-पोरी ओळीनं उभी होती. त्यांच्यामागं, सिमेंटच्या गोण्यांपाशी, चुकून फोटोत आलेला एक दाढीवाला कामगार.

हंसा त्या फोटोवर वाकली.

"कदीचा हाय?"

"हा? या दिवाळीनंतरचा."

"आनि यो मागं हाय तो कोन?"

"तो होय! अंकुश. साइटवरच राहतो, भला माणूस. आपणहून टेप धरायला पुढं आला. त्याची बायको तिथंच चहा करते, कडेवर एवढुसं बाळ घेऊन." रिद्धीला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. "आम्ही त्याला इतकं चिडवलं! शर्टाची सगळी बटणं पांढरी आणि खिशाला एकच लाल. म्हटलं, बदला की. तर म्हणे, राहू दे, घरचीनं लावलंय."

हंसानं हातातला फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग अल्बमची पानं मागं उलटली, रिकाम्या जागी तो ठेवला, बोटानं दाबून नीट बसवला, आणि पदर सावरत उठली.

"अहो वहिनी, फोटो राहिला! परवा हार घालायचाय ना?"

"नको बाय," हंसा दाराशी चपला शोधत म्हणाली. "हार घालाया मानूस मेलेला लागतो."