सहा महिन्यांचे वर्ष

पंपाला सील ठोकण्याची आज्ञा पाणी आयोगाचे अध्यक्ष शुहरत-आका, म्हणजे शुहरतदादा, यांनी दिली, तेव्हा जलशास्त्रज्ञ मोहिरा मापाची फीत विहिरीत सोडतच होती. फरगाना खोऱ्यातल्या या सखल टापूचा पाण्याचा ताळेबंद आयोगाने नुकताच मांडला होता: उपसा भरमसाट, भरणा शून्य. विहीर बंद झाली की तिची मालकीण ओयसारा-ओपा, म्हणजे ओयसाराताई, यांची जर्दाळूची बाग उन्हाळा संपण्याआधी सरपण होणार होती. ती नोंद करायला ताळेबंदात रकाना नव्हता.

फीत वर आली. हिवाळ्याआधी शरदात घेतलेल्या मापापेक्षा पाणी दोन हात वर होते.

"फीत ताणलीय तुझी, पोरी," अध्यक्ष म्हणाले.

"फीत ताणलेली, विहीर खोटारडी," ओयसारा-ओपा म्हणाल्या. "खरं काय ते तुम्हीच, आका."

अध्यक्षांनी नवी फीत मागवून पुन्हा मोजायला लावले. पाण्याने आपला जबाब बदलला नाही.

हे आले कुठून, असे त्यांनी विचारले. मोहिराने पलीकडच्या कापसाच्या शेतांकडे बोट केले. मातीतले मीठ धुऊन काढण्यासाठी सारे गाव दर हिवाळ्यात ती शेते कालव्याच्या पाण्याने तुडुंब भरते आणि ते पाणी मिठासकट खाली मुरते. स्वतः अध्यक्षांचे बालपण तसल्याच शेतांच्या बांधावर गेले होते. मात्र आयोगाचा ताळेबंद एप्रिलला उघडतो आणि सप्टेंबरला मिटतो.

"हिवाळ्याचं पाणी आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले. "ते खातं वेगळं आहे."

"जमिनीला तसं कुणी कळवलं नाही, आका," मोहिरा म्हणाली.

अध्यक्षांनी पुन्हा एकदा विहिरीत डोकावून पाहिले. मग, वर्षाला बारा महिने असतात हा शोध आपणच लावल्याच्या गांभीर्याने, त्यांनी ताळेबंद नव्याने मांडण्याचे जाहीर केले आणि सील रद्द केले.

 ओयसारा-ओपांनी चहा आणला. मोहिराला रिवाजाप्रमाणे अर्धाच पेला दिला; पाहुण्याने पुन्हा मागावा, बसावे, म्हणून. अध्यक्षांचा पेला त्यांनी सावकाश, हसतमुखाने, काठोकाठ भरला.

शुहरत-आकांनी तो उभ्याउभ्याच संपवला आणि ते गाडीकडे निघाले.