यादीतले एकोणिसावे नाव

एकोणिसावे नाव उघडले आणि अनालियाचा हात थांबला. नावाच्या जागी नेहमीसारखा नुसता फोन नंबर होता. तो तिला पाठ होता. सहा आठवड्यांपूर्वी, आई वारल्यावर, तिनेच तो बंद करायला दिला होता.

आई शेरे लिहायची, हे तिला ठाऊकच नव्हते.

उरुग्वेत, मोंतेविदेओतल्या त्या कचेरीत सगळे शेरे तपासणाऱ्या संगणक प्रणालीला ‘सासरेबुवा’ म्हणत, कारण तिचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. शहरातल्या दुकानांना, कारागिरांना, शिकवणी घेणाऱ्यांना लोक एका अ‍ॅपवर तारे देत. कुणाच्या ताऱ्यांना किती वजन द्यायचे, ते सासरेबुवा ठरवत. ज्यांचा शब्द भरवशाचा नाही त्यांची यादी दर शुक्रवारी निघे, आणि चार वाजता अनालियाने होकार दिला की त्यांचे सगळे शेरे कायमचे पुसले जात. शेरे कुणाचे, हे एरवी कचेरीतही कुणाला कळत नसे. यादीत आलेल्यांचा नंबर तेवढा दिसे.

हे काम तिने मागून घेतले होते. तेविसाव्या वर्षी ती घरी, जेवणाच्या टेबलावर गणित शिकवायची, आणि याच अ‍ॅपवर तिचे एक पान होते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक तारा दिला: ‘नीट समजावत नाही. दुसरी कुणी बघा.’ त्यानंतर एकही विद्यार्थी आला नाही. कोण असेल ते, आणि लोकांनी त्याचा शब्द का मानला, या प्रश्नामागे जात जात ती इथवर आली होती.

तिने सासरेबुवांना कारण विचारले. उत्तर पडद्यावर उमटले. ‘एकेचाळीस ठिकाणांना एक तारा. इतरांचे मत नेमके उलट. शिवाय फोनच्या नोंदींनुसार, जिथे एक तारा दिला, तिथेच ही व्यक्ती पुन्हा पुन्हा गेली. बोलणे आणि वागणे जुळत नाही. काढून टाकावे.’

शेजारच्या रोमिनाने मान लांब करून वाचले. “काढ गं. कुणीतरी खडूस दिसतंय.”

नंबर कुणाचा, हे अनालियाने सांगितले नाही. ती पुढे वाचत राहिली. आईने पाच तारेही दिले होते, अकरा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द: धन्यवाद. त्या अकरांपैकी एकाचीही पायरी ती पुन्हा चढली नव्हती. अनालियाला सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसू आले. येर्बाच्या कडू चहाचा गरम पेला हातोहात फिरत असतो तेव्हा जो धन्यवाद म्हणतो, त्याच्याकडे पेला परत येत नाही. आईने त्या अकरांना सभ्यपणे रामराम ठोकला होता.

पण मग एक तारा कशासाठी? ही बाई खरेच आयुष्यभर लोकांच्या पोटावर पाय देत होती का? हे कळल्याशिवाय अनालियाचे बोट होकारावर जाईना, आणि नकारावरही.

सगळ्यात अलीकडचा शेरा पालेर्मो वस्तीतल्या एका बेकरीवर होता. ‘बिस्कोचो शिळे. मालक तोंडाळ.’ त्यानंतर आई तिथे दोनशे बारा वेळा गेली होती. दर रविवारी ती लेकीकडे बिस्कोचोंचा, त्या छोट्या गोड-खाऱ्या पावांचा, पुडा घेऊन यायची. कुठले म्हणून विचारले की विषय बदलायची.

दुपारी अनालिया चालत तिथे गेली. मालक वॉशिंग्टन सत्तरीचा होता, कोपरापर्यंत पिठात. तिने आईचे नाव सांगितले तसे त्याने हात पुसले आणि येर्बाचा पेला तिच्यापुढे धरला. तो तोंडाळ होताच. आईने त्याच्या मैद्यापासून मिशांपर्यंत सगळ्याला कशी नावे ठेवली, ते त्याने रंगवून सांगितले. रविवारी रांग लागली की ती रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असे म्हणायची, इथे काही खरे नाही, पलीकडच्या गल्लीत जा. चार मार्चला शेवटची आली. सहा खारे घेतले. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात वारल्याचे त्याला मागाहून कळले.

“तो शेरा तिचाच, हे मी ओळखलं होतं,” तो म्हणाला. “विचारलं पण. म्हटलं, नेल्बाबाई, माझ्यावर कसला एवढा राग? तर म्हणाली, चांगलं म्हटलं की लोक येतात आणि घेऊन जातात. मग मला काय उरतं?”

अनालियाने पेला परत दिला. धन्यवाद म्हणाली नाही. त्याने तो पुन्हा भरला.

ती कचेरीत पोचली तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती. बेकरीतून आणलेला पुडा रोमिनाच्या टेबलावर ठेवून तिने सासरेबुवांना लिहिले: ‘हिचे शब्द सोड. पावले बघ.’

उत्तराला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. ‘तसे पाहिल्यास ही व्यक्ती यादीतली सर्वांत भरवशाची ठरते. मात्र तिचे तारे उलटे वाचावे लागतील.’

‘उलटे वाच,’ तिने लिहिले. ‘सगळ्यात आवडते ते आधी.’

एकेचाळीस ओळींनी जागा बदलल्या. बेकरी पहिली येईल असे तिला वाटले होते. ती दुसरी आली.

पहिल्या ओळीत नऊ वर्षांपूर्वीचा एक तारा होता, केव्हाच बंद पडलेल्या एका पानाला दिलेला: अनालिया इतुर्बिदे, गणित, घरी शिकवते. या नंबरवरून पान शेवटचे उघडले, चार मार्च.