अडीच तासांवर

बंगळूरला बदली झाली म्हणून अनिमेषने वैशाली नगरचा फ्लॅट बंद केला आणि मला इथे, जयपूरच्याच दुसऱ्या टोकाला, वृद्धाश्रमात आणून ठेवलं. "तात्पुरतं गं आई," म्हणाला. "मतलब, बंगळूर काही परदेश नाही. विमानाने अडीच तास. तू नुसती हाक मार."

तीन दिवाळ्या गेल्या. हाक मारली की कधी त्याला सुट्टी नसते, कधी नातीची परीक्षा असते.

काल त्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हात बसले होते. "इतक्या लांब राहून जीव तुटतो गं तुझ्यासाठी," तो सांगत होता. तेवढ्यात एक विमान अगदी कमी उंचीवरून, माझ्या डोक्यावरून गेलं. "थांब रे जरा," मी म्हणाले. इथला आवाज विरतो न विरतो तोच फोनमध्ये तस्साच आवाज सुरू झाला आणि अनिमेष ओरडला, "आई, आता तू थांब! इथे वरून विमान चाललंय, काही ऐकू येत नाही!"

मी थांबले. आवाज पूर्ण जाऊ दिला.


"तेच ते, बाळा. आत्ताच माझ्याकडून निघालं. अडीच तास लागतात म्हणाला होतास ना?"